रंग शून्यावर

लेम्पीने रिमोट उचलला आणि टीव्हीवरचा रंग कमी करत करत पार शून्यावर आणला.

"अगं, बिघडवलास की काय?" तिच्या नवऱ्याने, रेनोने विचारलं.

"गप बस. आज तुला शोधून काढल्याशिवाय मी इथून उठायची नाही."

सिनेमा तोच, शंभरदा पाहिलेला. १९७९ साली सिनेमावाले त्यांच्या खाणीच्या गावात आले होते आणि संपाच्या मोर्चासाठी अर्धं गाव त्यांनी रस्त्यावर उभं केलं होतं. रेनो म्हणे त्यात पुढच्याच रांगेत होता. "लाल चौकड्यांचा कोट बघा, तो मी!" आता अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अप्पर मिशिगनमध्ये, नोव्हेंबरच्या थंडीत लाल चौकड्यांचा कोट कुणाच्या अंगावर नसतो? दरवर्षी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की घरचे सगळे जमायचे, सिनेमा लावायचे, एकेक कोट तपासायचे, आणि रेनो काही सापडायचा नाही. धाकटा भाऊ वायनो त्याला चारचौघांत थापाड्या म्हणायचा. आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचं कोण? लेम्पीच!

पण हल्ली रेनो विसरायला लागला होता. गेल्या आठवड्यात कॉफीत पाव बुडवता बुडवता म्हणाला, "नसेनही गं मी तिथे. उगाच मनाने रचलं असेल." म्हाताऱ्याच्या डोक्यातून जायचं ते जातंय, पण हे आपल्या हसण्यापायी जातंय, हे लेम्पीला सहन होईना.

लाल रंग गेला आणि डोळ्यांत घुसणारे ते कोट निमूट करडे झाले. मग कुठे चेहरे दिसायला लागले. लेम्पी जरा पुढे न्यायची, थांबवायची, चष्मा पुसायची. दुपारच्या जेवणाच्या, खिमा-बटाटा भरलेल्या पेस्टी बशीत गार झाल्या. रेनोने दोनदा "सोड गं" म्हणून पाहिलं. तिने लक्षच दिलं नाही.

"हे नाक!" ती एकदम ओरडली. "रेनो, हे नाक दुसऱ्या कुणाचं असणार?"

पुढच्याच रांगेत एक काटकुळा तरुण उभा होता, अंगात नुसता शर्ट, हात काखेत. शेजारी एक म्हातारा. चौकड्यांचा कोट त्याच्या अंगावर होता, बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

रेनो उठून पडद्याजवळ गेला. "कुडकुडत होता बिचारा," तो हळूच म्हणाला. "दिला मी. निघताना परत घेतला. मधे अंगावर नव्हता, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही बघ." मग त्याने काचेवर बोट ठेवलं. "म्हणजे मी होतो."

"होतास रे." लेम्पीला रडू आवरेना. "चुकले मी. इतकी वर्षं तुला हसले."

"हे वायनोसमोर म्हण."

तिने डोळे पुसले आणि फोन लावला.

"वायनोभावजी, असाल तसे निघा."

"काय झालं वहिनी? दादा बरा आहे ना?"

"चांगला ठणठणीत आहे. पडद्यावर थांबवून ठेवलाय मी त्याला. तुम्ही येऊन बघेपर्यंत तिथून हलू द्यायची नाही."