एका पानाचं टाचण

पिन अर्धीच आत गेली होती. चारशे बारा पानांच्या गठ्ठ्यावर चंसमोनने पुन्हा टाचणयंत्र दाबलं, पिन वाकडी झाली, अंगठ्याला टोचली – आणि तिला वाटलं, जाऊ दे, नाहीतरी हा अहवाल कुणी वाचणार नाही. त्याखाली तिने पहाटे उठून लिहिलेला एक कागद होता. तो अजून तिने कुणाला दाखवला नव्हता.

"आकडा एकच सांगायचा," खामफुईदादा दारातूनच म्हणाले. वीज खात्याच्या नियोजन विभागात ते तिचे वरिष्ठ; तिला या कामात त्यांनीच आणलेलं. "मोठ्या माणसांना शंका ऐकवायच्या नसतात. त्यांना निर्णय घ्यायचा असतो."

एकच आकडा... अकरा वर्षांपूर्वी तिने तसाच एक सांगितला होता. आठ टक्के. दरवर्षी विजेची मागणी आठ टक्क्यांनी वाढेल, दक्षिणेत कारखाना येईल. विजेच्या तारांचे मनोरे उभे राहिले, भाताच्या खाचरांतून थेट सरहद्दीपर्यंत. कारखाना आलाच नाही. मी खोटं बोलले नव्हते, माझ्याकडे पाच आकडे होते, मी त्यांतला मधला उचलला, इतकंच – पण त्या तारा थोरल्या बहिणीच्या गावावरून जातात, आणि सणाला गेलं की ती चिकट भाताची परडी पुढे सारत म्हणते, "तुझी वीज आमच्या डोक्यावरून जाते गं बाई, घरात मात्र फिरकत नाही!" सगळे हसतात. चंसमोनही हसते.

आपल्या दालनात उपमंत्र्यांनी गठ्ठा उचलून पाहिला आणि परत ठेवला. "हे वाचायला मला पुढचा जन्म घ्यावा लागेल. अकरा वाजता पूर्वेकडच्या शेजारी देशाचा फोन आहे. त्यांच्यापर्यंत नवी लाइन बांधायची की नाही, एवढं सांगा."

"बांधायची, साहेब," खामफुईदादा म्हणाले. "मागणी नऊ टक्क्यांनी–"

"मला माहीत नाही," चंसमोन म्हणाली.

दादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. उपमंत्र्यांनी चष्मा काढला. "माहीत नाही म्हणजे?"

आता थांबता येणार नव्हतं. तिने तो एक कागद पुढे सरकवला. "शेजाऱ्यांनी वीज घेतली तर लाइन उपयोगी. नाही घेतली तर पंधरा वर्षं रिकामी. घेणार का, हे त्यांना आपण लेखी विचारलेलंच नाही, साहेब. ते त्यांचा आराखडा करतात, आपण आपला. पण वाटेतलं वीज उपकेंद्र दोन्ही वेळी लागतं. तिथून एकेचाळीस गावांना लहान लाइनी सोडता येतात. ते आज सुरू करा. मोठ्या लाइनीची जागा राखून ठेवा. मनोरे मात्र त्यांची सही झाल्यावर."

"आणि सही झालीच नाही तर?"

"तर गावांत दिवे लागलेले असतील. मनोरे वाया गेलेले नसतील."

उपमंत्र्यांनी कागद दोनदा वाचला, 'सही झाल्यावर'खाली पेन्सिलीने रेघ मारली. "कशावर थांबायचं आणि कशावर नाही, हे आधी का नाही सांगितलं कुणी?"

"कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली, आणि मग, कारण ते पुरं खरं नव्हतं – "मीही सांगितलं नव्हतं."

"बघतो," एवढंच ते म्हणाले. फोन वाजला. दोघं बाहेर आले.

ते काय ठरवतील, कळायला मार्ग नव्हता. तरी मेकाँग नदीकाठच्या खानावळीत जाऊन बसल्यावर चंसमोनच्या लक्षात आलं, की आपले खांदे खाली आलेत... इतकी वर्षं ते वर होते, हेच ठाऊक नव्हतं. शेवयांचा वाडगा समोर आला. थोड्या वेळाने खामफुईदादा आले, न विचारता समोर बसले. आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं.

"भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना, दादा."

ते वाडग्यात मिरची घालत राहिले, घालतच राहिले. "मलाही माहीत नसायचं," शेवटी हळूच म्हणाले. "कधीच नसायचं."

तिने त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं. एरवी तिच्याकडे उत्तर तयार असतं – आज आत नुसती मोकळी जागा होती, खिडक्या उघड्या टाकलेल्या खोलीसारखी, आणि ती भरून टाकायची तिला अजिबात घाई नव्हती.