एका गावाची एकच फाइल

जव्हारच्या एसटी डेपोसमोर नीलेशचं लेझरचं दुकान आहे. दारावरच्या पाट्या, शाळांच्या ट्रॉफ्या, लाकडावर कोरलेले फोटो, सगळं तिथं करून मिळतं. चार वर्षांत नीलेशला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटत आला असेल, तर मशीनच्या मेमरीला त्यानं लावलेल्या शिस्तीचा.

मशीनची मेमरी ती केवढीशी. पहिल्या वर्षी तो फायलींना नुसते आकडे द्यायचा. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी साठ ट्रॉफ्यांचं काम डोक्यावर असताना मशीन अडून बसलं, मेमरी भरली म्हणून, आणि नीलेशच्या तोंडचं पाणी पळालं. दोनशे आकड्यांतला कुठला ठेवायचा नि कुठला उडवायचा, काही कळेना. त्यानंतर त्यानं नियमच करून टाकला. फाइलला नाव द्यायचं ते गिऱ्हाइकाच्या गावाचं, आणि एका गावाची एकच फाइल. त्याच गावाचं दुसरं काम आलं की तेच नाव टाकायचं. जुनी फाइल आपोआप पुसली जाते, मशीन विचारतसुद्धा नाही. खेड्यातली माणसं पावत्या सांभाळत नाहीत, ‘आमची खोडाळ्याची पाटी’ एवढंच म्हणतात, त्यामुळे त्याला हे फार सोयीचं वाटायचं. भेटेल त्याला तो ही युक्ती ऐकवायचा. ऐकणाऱ्याला मशीन कशाशी खातात हे ठाऊक नसलं तरी त्याचं काही अडायचं नाही.

मे महिना सरताना एका सकाळी वांगणीचे लक्ष्या आणि तुळशी दुकानात आले. नवराबायको वीटभट्टीवर कामाला जातात. दिवाळी झाली की घराला कडी लावायची आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. लक्ष्यानं पिशवीतून एक गाठोडं काढून काउंटरवर सोडलं. आत मातीत कालवलेला भुसा होता आणि बोटभर लाकडाचा तुकडा.

“पोरीची पाटी,” तो म्हणाला. “तुमीच केली व्हती. आमी भट्टीवर, घर बंद. वाळवीनं खाल्ली.”

नीलेशला काम आठवलं. या दोघांची सात वर्षांची वर्षाली गेल्या वर्षी भट्टीवरच तापानं गेली होती, दोन दिवसांत. भट्टीवरच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं कधीतरी गंमत म्हणून तिचा फोटो काढला होता, तोच त्यानं नीलेशला पाठवला होता. पाटीला लाकूड मात्र नीलेशनं दाबलेल्या भुशाचं वापरलं होतं, आणि वर ‘टिकेल हो’ असंही सांगितलं होतं.

“फोटो आणलाय का?”

“तो डायवर गेला गुजरातला. फोन लागत नाय.” लक्ष्या खाली बघत म्हणाला. “आधार काढायचा राहला. शाळेत नाव घालायचा बी राहला. दुसरा फोटू कुठं नाय तिचा.”

नीलेशचा जुना फोन गेल्या पावसाळ्यात पाण्यात पडला होता. कॉम्प्युटरची डिस्क विजेच्या झटक्यानं जळाली होती. तुळशी पुढे झाली आणि म्हणाली, “शेट, आता सपनात बी तिचा तोंड नीट दिसत नाय मला. पाटी बघायची तवा दिसायचा.”

नीलेश मशीनकडे गेला आणि फायलींची यादी खाली सरकवत राहिला. विक्रमगड, साखरशेत, खोडाळा. आणि सगळ्यात खाली, इंग्रजी अक्षरांत, वांगणी. त्याचा जीव भांड्यात पडला.

“आहे,” तो म्हणाला. “मशीनच्या पोटात आहे तुमची पोर.”

पडद्यावर फोटोचा नुसता काळा चौकोन दिसतो, चेहरा दिसतो तो लाकडावर उतरल्यावरच. नीलेशनं घरच्या कपाटासाठी राखून ठेवलेली सागाची फळी काढली. वाळवी आली तरी दात घासून परत जाईल अशी. झाकण लावलं आणि बटण दाबलं.

रेघेखाली रेघ उमटू लागली. आधी केस, मग दोन वेण्यांच्या रिबिनी, मग कपाळ. लक्ष्यानं झाकणाच्या काचेला नाक लावलं होतं. विटेचा तुकडा लागून त्याचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याला सगळं धुरकट दिसायचं. “आली,” तो हळूच म्हणाला. “डोळं आलं बघ तिचं.” तुळशी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. नाक उतरलं तशी ती मागे झाली आणि स्टुलावर जाऊन बसली. बाईला भरून आलं असेल, असं नीलेशला वाटलं. त्याचं स्वतःचंही तसंच झालं होतं.

फळी बाहेर निघाली तेव्हा अजून गरम होती. लक्ष्यानं ती गालाला लावली, मग काउंटरवर उभी करून ठेवली. “येतो जरा,” म्हणाला आणि बाजाराकडे गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत तुळशी बसून राहिली. मग म्हणाली, “शेट, ही माझी पोर नाय.”

“अहो ताई, लाकडावर जरा वेगळं दिसतं,” नीलेश म्हणाला.

“तिच्या भिवईला खूण व्हती. रांगती असताना चुलीवर गेली व्हती. पयल्या पाटीवर व्हती ती खूण.” तुळशीच्या आवाजात राग नव्हता. “हिचा कपाळ बी रुंद हाय.”

आता नीलेशच्या लक्षात आलं. जानेवारीत खोडाळ्याच्या शाळेतले जगन सर आले होते, धावण्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो घेऊन. सर राहणारे वांगणीचे. नीलेशनं सवयीनं गिऱ्हाइकाचं गाव टाकलं होतं आणि मशीननं काही न विचारता वर्षालीला पुसलं होतं. गेल्या वर्षी वर्षालीच्या फोटोतल्या भुवईवर तो तासभर बसला होता. डाग वाटून काढायला निघाला होता, तेव्हा याच बाईनं त्याला अडवलं होतं. आणि आज बिनखुणेचं कपाळ समोर आलं तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज त्याला कधीच वाटली नव्हती.

“ताई, माझ्याच हातून गेली,” तो म्हणाला आणि फायलींचं सगळं सांगितलं, काही न लपवता.

“परत नाय काढता येत?”

“नाही.”

तिनं शिव्या द्याव्यात, निदान रडावं, असं त्याला फार वाटलं. ती फळीवरच्या मुलीकडे बघत राहिली.

“ही जिती हाय ना?” तिनं विचारलं.

नीलेशनं जगन सरांना फोन लावला. “कोण, चैती? घरी आहे ना सुट्टीत,” सर म्हणाले. “काल डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन बाजारात आली होती. का हो?” नीलेशनं सहज म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

“जिवंत आहे,” तो म्हणाला.

तुळशीनं सुस्कारा सोडला. “बरा झाला. तिच्या आयशीला काय सांगू नका, जीव उडंल तिचा.” मग म्हणाली, “आन माज्या घरवाल्याला बी नको. त्याला दिसली ना पोर. दिसू दे त्याला.”

“आणि तुम्हाला?”

तेवढ्यात लक्ष्या आला. त्याच्या हातात पळसाच्या पानात गुंडाळलेला झेंडूचा हार होता. तो सोडवून त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि फळीवर घालायला वाकला.

तुळशीनं पटकन उठून त्याचा हात धरला. “तिला नको.”

“का गो? मागल्या येळी घातलावता.”

तुळशी क्षणभर इकडेतिकडे बघत राहिली. मग तिनं हार आपल्या हातात घेतला, मशीनपाशी गेली आणि झाकणावर ठेवला. मधोमध, नीट पसरून.

“ह्याच्या पोटात व्हती ना ती,” ती म्हणाली. “ह्याला असू दे.”

लक्ष्याला ते पटलं. हंगाम सुरू होताना भट्टीवरच्या साच्यांनाही माणसं हार घालतातच. त्यानं मशीनला हात जोडले. तुळशीनं मात्र झाकणावर तळवा ठेवला आणि मशीन अजून कोमट होतं तोवर ठेवूनच उभी राहिली. हार कुणाला घातलाय ते नीलेशला कळत होतं, आणि त्याला मान वर करवत नव्हती.

गाडी लागली तसे दोघं निघाले. लक्ष्यानं फळी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती आणि तिच्याशी काहीतरी बोलत तो पुढे चालला होता. रस्ता ओलांडल्यावर तुळशीनं एकदा मागे वळून पाहिलं. नीलेशकडे नाही, मशीनकडे.