मरियामातेची पावलं

शुक्रवारी पहाटे कथीड्रलचा दरवाजा उघडला, की रांग मान लांब करून मरियामातेच्या झग्याची किनार बघायची. रांगेत पहिले असायचे ब्रदर युलोहियो. ते मूर्तीपाशी वाकून बाजूला सरले, की किनारीला चिकटलेली कुसळं सगळ्यांना दिसायची. रानातून चालत आल्यावर तुमच्याआमच्या कपड्यांना चिकटतात तशीच.

"रात्री चालून आली," कुणीतरी पुटपुटायचं, आणि सगळी रांग छातीवर क्रूस काढायची.

कुठून चालून आली, हे ब्रदर सांगायचे. पांढरा झगा, गळ्यात सुपारीएवढ्या मण्यांची जपमाळ, आवाज खोबरेल तेलात बुडवून काढलेला. "माझ्या विहिरीवर आली होती. अनवाणी. मी म्हटलं, माते, इथं चिखल आहे. ती म्हणाली, युलोहियो, या चिखलातच औषध आहे."

स्वर्गाच्या राणीला आमची विसाया बोली येते आणि अख्ख्या बेटावर नेमकी याचीच विहीर सापडते, याचं नवल बहुधा मला एकटीलाच वाटत होतं. विहिरीचं पाणी फुकट होतं. पैसे फक्त बाटलीचे. चिखलही फुकट, पैसे डबीचे.

मी मात्र गप्प होते. कथीड्रलच्या पायरीवर माझा मेणबत्त्यांचा ठेला आहे. चमत्कार सुरू झाल्यापासून लाल मेणबत्त्या दुपारच्या आत संपू लागल्या होत्या. आपल्यालाही चार पैसे सुटत असले की माणसाला शंका जरा उशिराच येतात.

मग एक दिवस माझी थोरली बहीण मामेंग लंगडत आली. तिला मधुमेह, त्यात पायाच्या अंगठ्याला जखम. तिने पट्टी सोडली, तर जखमेवर वाळलेला चिखल.

"मानांग, हे काय गं?" थोरल्या बहिणीला आम्ही मानांग म्हणतो.

"ब्रदरांचा चिखल. इन्सुलिन बंद केलंय. दोन्ही एकदम घेतलं तर मातेवर अविश्वास होतो म्हणे."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, असंच चाललं तर पाय कापावा लागेल. त्यांचं काय, त्यांना कापायची हौसच असते."

मेणबत्त्यांचा नफा एका बाजूला, मामेंगचा पाय दुसऱ्या बाजूला. हिशोब तिथल्या तिथे झाला.

मातेला वस्त्रं नेसवण्याचा मान माझ्या सासरकडे आहे. पडदा ओढून, फक्त बायकांनी. पडद्यामागचं बाहेर बोलायचं नाही, अशी सासूबाईंनी शपथ घातलेली. ती न मोडता जमतंय का, हे मी आधी पाहिलं. गुरुवारी संध्याकाळी झगा बदलताना किनारीवरून पारदर्शक प्लास्टिकची गुळगुळीत पट्टी शिवली. फादरनी विचारलं, तर म्हटलं, "मेणाचे डाग पडतात हो."

आमच्याकडे मूर्ती रुमालाने पुसतात आणि तोच रुमाल दुखऱ्या अंगावरून फिरवतात. शुक्रवारी ब्रदरांनी रुमाल काढला, डोळे छताला लावले आणि किनार पुसली. चांगली दाबून, चोळून. मग वळून हात पसरले. "बघा लेकरांनो, आजही आली होती."

किनार लख्ख. कुसळांचा ढीग फरशीवर, उरलेली रुमालात.

रांगेत त्यांच्या मागे असलेली म्हातारी वाकून म्हणाली, "ब्रदर, ही तर तुमच्या रुमालातून सांडली."

"मातेनेच झटकली," ब्रदर म्हणाले. "तिला आता दिखावा नको वाटतो."

रांगेने माना डोलावल्या. मामेंगनेही. डबीचे पैसे देऊन बसलेल्या माणसाला पटवावं लागत नाही, ते काम तो स्वतःच करतो.

मग मात्र मी शपथ मोडली. मामेंगचा दंड धरून तिला मूर्तीपाशी नेलं, पडदा ओढला आणि झगा वर उचलला.

आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, कोंबडीच्या खुराड्यासारखा. चेहरा आणि हात तेवढे कोरलेले. आमच्यावर स्पेनचं राज्य होतं त्या काळातले कारागीर व्यवहारी होते. जे झाकलं जाणार, त्यावर लाकूड कशाला खर्ची घालायचं?

"अगं, हिला पाय..."

"नाहीतच."

मामेंगने हात घालून पट्ट्या चाचपल्या. मग पडदा सारून थेट ब्रदरांसमोर गेली. आवाज एकदम गोड. "ब्रदर, माता चालते तेव्हा तिची पावलं कशी दिसतात हो?"

"गोरी, नाजूक. उजव्या करंगळीवर तीळ."

"तुम्ही पाहिलीत?"

"पाहिलीत? या हातांनी धुतलीत."

रांगेत माझ्या दोन्ही जावा होत्या. त्याही वस्त्रं नेसवणाऱ्या. धाकटीने तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. "तीळ म्हणे."

"ब्रदर," मामेंग म्हणाली, "तिथं नुसत्या काठ्या आहेत."

फादर आजवर पडद्याआड कधी डोकावले नव्हते. ते आत गेले, बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज प्रवचन थोडक्यात उरकतो." हशा ओसरेपर्यंत ब्रदर बाजूच्या दाराने गेलेले. रुमाल तिथेच राहिला, कुसळांसकट.

आता माझ्या मेणबत्त्या संध्याकाळपर्यंत पुरतात. तरी सांगते. मेणबत्ती लावा, हात जोडा, त्याला कुणाची ना नाही. पण चमत्कार दिसला की तो दाखवणाऱ्याचा रुमाल आधी झटकून बघा. आणि जखम दाखवायची ती डॉक्टरला, चिखलाला नाही.

त्याच सकाळी ट्रायसिकलमधून, म्हणजे आमच्याकडच्या तीनचाकी रिक्षातून, दवाखान्यात जाताना मामेंगला धाकधूक वाटू लागली. "आपण चारचौघांत तिचं गुपित फोडलं. माता रागावणार तर नाही?"

"मानांग, पाय नसून इतकी शतकं तिचं काही अडलं नाही," मी म्हटलं. "तुझं अडेल."