पाच किलो मसाला आणि माझी स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वर हूक, खाली हूक, मधे गोल तबकडी आणि तिच्या मागे स्प्रिंग. खालच्या हुकाला कापडी झोळी लावतात, झोळीत बाळ बसवतात, बाळ भोकाड पसरतं आणि मी वजन सांगतो. माझ्या तबकडीवर लाल अक्षरांत छापलं आहे : कमाल पंचवीस किलो. एवढं लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात आलेल्या माणसांनी ते ठेवलं नाही, म्हणून तर हे सगळं सांगत बसावं लागतंय.

माझा जन्म अंबडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या चिमाजी कारागिरांनी मला पितळी वजनं लावून पाहिलं आणि म्हणाले, "सरळ आहे बेटा." माझं एवढं कौतुक नंतर कोणी केलं नाही. मग दहा वर्षं मी पेठकडच्या पाड्यांवर मिशनच्या दवाखान्याबरोबर फिरलो. झाडाच्या फांदीला लटकायचो. शेकडो बाळांनी मला भिजवलं. नावं घेत नाही, आता ती मोठी झाली असतील.

पुढे दवाखान्यात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मला कपाटात टाकलं. तिथे माझ्या सोबतीला एक फाटका पडदा होता. त्याच्याशी काय बोलणार?

तिथून मला बाहेर काढलं प्रतिभा सिस्टरने. प्रतिभा उजागरे, राहणार शरणपूर, वय एकोणतीस. ती वर्षभर बिनपगारी सेवेसाठी आफ्रिकेतल्या मलावी देशात निघाली होती. तिथे मिशनच्या एका लहानशा इस्पितळात कुपोषित मुलांचा वॉर्ड होता. "तिकडे वीज असेल नसेल," ती म्हणाली. "याला सेल लागत नाहीत." मित्रांनो, माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

पण निरोप समारंभ मधे आला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक पद्धत आहे. कोणी प्रभूच्या सेवेसाठी लांब निघालं की प्रत्येक घरातून काहीतरी खायचं येतं, आणि ते नाकारायचं नसतं. नाकारलं तर आशीर्वाद नाकारल्यासारखं होतं. त्यामुळे सिंधुबाईंचे पापड आले. आक्काबाईंच्या कुरडया आल्या. चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरून लोणचं आलं. आणि प्रतिभाच्या आईने, सुलाबाईने, चंदरच्या दुकानातून कांदा-लसूण मसाल्याची एकेक किलोची पाच सीलबंद पाकिटं आणली. एका मुलीला पाच किलो मसाला. मला कोणी विचारलं नाही, नाहीतर बोललो असतो.

विमानात तीस किलोच चालणार होते. प्रतिभा प्रार्थनासभेला गेली होती. घरात सुलाबाई, तिचा मोठा भाऊ रावजीमामा आणि मी. मामाने मला चौकटीच्या कडीला अडकवलं आणि दोन्ही हातांनी बॅग उचलली.

"दादा, त्यावर पंचवीस लिहिलंय," सुलाबाई म्हणाली.

"कंपनीवाले कमीच लिहितात. लिफ्टमध्ये सहा माणसं लिहितात, दहा जातात का नाही?"

"तू परवा अडकला होतास लिफ्टमध्ये."

"ते लाईट गेली म्हणून."

आणि त्याने बॅग लटकवली. माझा काटा पंचवीसच्या पुढे जाऊन खिळ्याला टेकला आणि तिथेच राहिला. शहाण्या माणसाने काय केलं असतं? निम्मं सामान काढून दोनदा वजन केलं असतं. मामाने एक स्वेटर काढला आणि बॅग पुन्हा लटकवली. मग छत्री काढून. मग टॉर्च काढून. मग बूट. असं सात वेळा. सातव्या वेळी प्रतिभाचे दोन गणवेश बाहेर आले. मसाला आतच होता.

शेवटी मामाने बॅग उतरवली. माझा काटा शून्यावर परत आला. "बघ," मामा म्हणाला, "झालं काही?"

झालं होतं. शून्यावर मी पहिल्यासारखाच सरळ होतो, पण ओझं आलं की खोटं बोलत होतो. किलोमागे दीडशे ग्रॅम जास्त. आणि काट्याला तोंड नसतं हो.

मलावीत मी एका आंब्याच्या झाडाला लटकलो. मसाल्याचं एकही पाकीट फुटलं नाही, कारण तिथल्या स्वयंपाकीणबाईने नुसता बाहेरून वास घेतला आणि अकरा वेळा शिंकली. सुलाबाईचा मात्र रोज दुपारी फोन यायचा.

"जेवलीस का? प्रार्थना केलीस का? मसाल्याचं वजन केलंस का?"

"आई, मसाल्याचं वजन कशाला?"

"चंदर मापात मारतो. मला खात्री करायचीय."

"आई, हा मुलांचा काटा आहे."

"मग मुलं उतरली की लाव."

दीड महिना रोज हेच. प्रतिभा कपाळाला हात लावायची. मला हात नाहीत.

एका सकाळी एक बाई चौदा महिन्यांच्या मुलीला पाठीला बांधून आली. तीन तास चालून आली होती. मुलीचं नाव चिसोमो. तिच्या भाषेत या नावाचा अर्थ कृपा. दंडाला लावायची रंगीत पट्टी लाल आणि पिवळ्याच्या मधोमध घुटमळली, म्हणून निकाल माझ्यावर आला. त्या उंचीच्या बाळाचं वजन साडेसहा किलोच्या खाली असेल तर वॉर्डात घ्यायचं, वर असेल तर पौष्टिक पिठाची पुडी देऊन महिन्याने बोलवायचं, कारण खाटा आठच होत्या. चिसोमो झोळीत बसली. ती रडली नाही. मित्रांनो, मी आयुष्यभर रडणारी बाळं तोलली आहेत. न रडणाऱ्या बाळाची मला भीती वाटते.

मी सहा किलो नऊशे दाखवले.

तिची आई म्हणाली, "सिस्टर, ही हलकी झालीय. रोज मीच तर उचलते." तिथल्या मर्सी सिस्टरने ते प्रतिभाला समजावून सांगितलं. प्रतिभाने त्या आईला माझी तबकडी दाखवली आणि मर्सीकरवी हळूच म्हणाली, "तुम्ही दमलाय. काटा खोटं नाही बोलत."

मला त्या क्षणी फांदीवरून पडावंसं वाटलं. तेही जमलं नाही. हूक चांगला होता.

माय-लेकी पुडी घेऊन निघून गेल्या. तासाभराने फोन वाजला.

"केलंस का वजन?"

"करते आई," प्रतिभा दात आवळून म्हणाली. "आत्ता करते, तुझ्यासमोर करते, म्हणजे हा विषय जन्मात पुन्हा निघणार नाही." तिने पाचही पाकिटं पिशवीत घालून माझ्या हुकाला लावली. "हे घे. पावणेसहा किलो. उलट जास्तच दिलाय त्याने. झालं समाधान?"

पलीकडे सुलाबाई पुटपुटत हिशेब करू लागली.

"प्रतिभा," ती म्हणाली, "चंदरने पाऊण किलो जास्त दिला?"

"हो."

"चंदरने? अगं, तो कोथिंबिरीची काडी मागितली तर देठ मोडून पाला ठेवून घेतो. तुझा काटा बिघडलाय."

प्रतिभाने माझ्याकडे पाहिलं.

"मी म्हणत होते दादाला," सुलाबाई पुढे म्हणाली, "एवढी बॅग लावू नको म्हणून."

"कोणती बॅग, आई?"

पुढचं मी ऐकलं नाही, कारण फोन खाली पडला होता. प्रतिभाने जमिनीवर काडीने गणित केलं. पाच किलोंचे मी पावणेसहा केले, म्हणजे सहा किलो नऊशेचे खरे सहा. तिने मला फांदीवरून ओढलं आणि रस्त्याला धावली. तिथे सायकलवर भाड्याने माणसं नेतात. तिने एक सायकल थांबवली आणि कॅरियरवर बसली. घाईत तिच्या हातात मी तसाच होतो आणि मला पाच किलो मसाला लटकत होता. सायकलवाला सारखा मागे वळून बघायचा आणि शिंकायचा.

पुढच्या गावच्या बाजाराबाहेर त्या भेटल्या. चिसोमोची आई सावलीत बसली होती. प्रतिभाला त्यांच्या भाषेतले तीनच शब्द येत होते : नमस्कार, पाणी आणि माफ करा. तिने तिन्ही सांगितले. मग माझ्याकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि पुन्हा मान हलवली.

ती बाई चिडली नाही. तिने चिसोमोला पाठीवरून सोडलं आणि प्रतिभाच्या पाठीला, स्वतःच्या कापडाने, घट्ट बांधलं. आता तू उचल, एवढाच त्याचा अर्थ. प्रतिभा चार पावलं चालली आणि थांबली. तिला काट्याची गरज उरली नव्हती. मसाल्याची पिशवी चिसोमोच्या आईने घेतली आणि तिघी इस्पितळाकडे वळल्या.

मी तोललेली सगळी मुलं परत बोलावली. आणखी चौघांना खाट द्यावी लागली. जिल्ह्याहून दुसरा काटा आला. त्यावर रोज सकाळी आधी काटा तपासायला मसाल्याची पाकिटं चढायची, मग मुलं. नवव्या आठवड्यात चिसोमो साडेसात किलोंची झाली आणि त्या दिवशी झोळीत बसताच तिने असं भोकाड पसरलं की फांदीवरचे कावळे उडाले. इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं.

आता मी शरणपूरला स्वयंपाकघरात खिळ्यावर आहे. सुलाबाई मला लसणाची जुडी अडकवते, छत्री अडकवते. मित्रांनो, एकच विनंती. आम्हा जुन्या वस्तूंवर किती भार टाकायचा ते आमच्या अंगावरच लिहिलेलं असतं, ते वाचत जा. आणि आम्ही शून्यावर नीट उभे दिसलो म्हणून विश्वास ठेवू नका. थोडं ओझं देऊन बघा. त्याहून सोपं म्हणजे, बाळाला जी रोज उचलते तिला विचारा.

येत्या सोमवारी प्रतिभा पुन्हा निघाली आहे. काल बॅग भरताना रावजीमामाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ लाल अक्षरं वाचली. मग शेजाऱ्यांकडचा, वर उभं राहायचा काटा आणला. बॅग चार किलोंनी जास्त भरली. या वेळी त्याने गणवेशांना हात लावला नाही. सरळ मसाल्याची नवी पाकिटं उचलून बाहेर ठेवली. जुन्यांपैकी तीन त्या स्वयंपाकीणबाईने शेवटी शेंगांच्या भाजीत संपवली होती. तिला आता त्याशिवाय जेवण जात नाही म्हणे.

सुलाबाईने पाचही पाकिटं परत बॅगेत ठेवली आणि पापड बाहेर काढले.

"दादा," ती म्हणाली, "तो मसाला नाही. ती मापं आहेत."