आधी दांडा, मग किल्ली

सुरभीनं लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. पडदा काळा होईपर्यंत बोट उचललं नाही.

मशिन पुन्हा गोठलं होतं. सिस्टिमच्या अगदी आतला गाभा, ज्याला तिच्या धंद्यात कर्नल म्हणतात, तिथं दोन कामं अडून बसली होती. एकानं पहिलं कुलूप धरलेलं, त्याला दुसरं हवं. दुसऱ्यानं दुसरं धरलेलं, त्याला पहिलं हवं. सोडायचं कुणीच नाही.

चैत्रातली दुपार. वर पत्रा तापून टकटकत होता. तिचे डोळे मिटले, तशी ती दोन कामं बांधावर पाठीला पाठ लावून बसलेली दिसली. एकाला बाबाच्या मिशा, दुसऱ्याला विठूकाकाच्या. मधलं भात पांढरं होत होत, धुरासारखं आभाळात चढत होतं.

ती दचकून जागी झाली. बाप, दशरथ, खरंच ओट्यावर डोळे मिटून बसला होता. मांडीवर कालव्याच्या झडपेचा लोखंडी दांडा.

वाटण्या झाल्या तेव्हा पंचांनी अक्कल पाजळली होती. झडपेचा दांडा थोरल्याकडं, पंपाच्या खोलीची किल्ली धाकट्याकडं. दोन्ही एकत्र आल्याशिवाय कुणालाच पाणी नाही. म्हणजे भाऊ बोलत राहतील. बोलतायत कसले! रीत पडली, आधी थोरल्याच्या दारात दांडा घ्यायचा, मग किल्ली काढायची. यंदा विठूकाका म्हणाला, दर खेपेला मीच का तुझ्या दारात? आणि किल्ली करदोट्याला बांधून बसला. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यातून पुढच्या गावाला चाललं होतं. इकडं भात निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला आलेलं. आता पाणी चुकलं, की नुसतं पळंज, दाण्याविना पोकळ टरफलं.

"बाबा, दे ना त्याला दांडा."

"मी थोरला हाय गं."

"कुलपात थोरलं-धाकटं नसतं. आधी कुठलं घ्यायचं ते ठरवायचं, नि सगळ्यांनी पाळायचं. त्यात मान कसला?"

"तुझ्या मशिनला भाऊ हाय का?"

सुरभी उठली. त्याच्या मांडीवरचा दांडा उचलला. दशरथनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

शेतापलीकडं काकाचं घर. अंगणात चंद्राबाई, तिची काकी, मिरच्या पसरत होती.

"काका कुठाय?"

"तुमच्याकडंच गेलं. किल्ली घेऊन, कालव्याच्या अंगानं. म्हटलं, भात मेलं तर मान शिजवून वाढू का तुमाला?"

सुरभीनं हरखून दांडा तिथंच भिंतीला टेकवला, काकीला मिठी मारली आणि पळत सुटली. उन्हात सगळं शेत पाण्यावर तरंगल्यासारखं हलत होतं. पाय जमिनीला लागतायत की नाही, तेही तिला कळेना.

घरी ओट्यावर दशरथ किल्ली तळव्यावर घेऊन बसला होता.

"आला होता. बोलला नाय. ठेवली नि गेला."

"मग ऊठ की! दांडा तिकडंच ठेवून आले मी."

त्यानं किल्ली मुठीत घेतली. मग सावकाश ती आपल्या करदोट्याला बांधली.

"येईल आता मागायला."

सुरभी वळली. शेतापलीकडं विठूकाका घरी पोचला होता. त्यानं भिंतीला टेकवलेला दांडा उचलला, उलटापालटा करून पाहिला, आणि मांडीवर घेऊन ओट्यावर बसला.