जावळ कुणाचं?

२०१९चा मे महिना. गेवराईच्या पंचायत समितीत अंगणवाडीताईंची बैठक चालू होती, तेव्हा पंचशीला गायसमुद्रेचा फोन थरथरला. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या तिच्या नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या नंबरावर आलेला एक निरोप बीडहून तिच्याकडे धाडला होता. फोन करणारी मुलगीच होती, नाव तिनं सांगितलं नव्हतं. चकलांब्याच्या अलीकडच्या चारा छावणीत आज साडेबाराला जावळ आहे, म्हणाली होती. आणि शेवटी एवढंच: "जावळ म्हणतेत, पण त्या घरात बारकं लेकरूच न्हाई."

म्हणजे लग्न. पंचशीला भर बैठकीतून उठली. घड्याळात अकरा वाजायला आले होते. याआधी वरिष्ठांच्या मागं उभं राहून तिनं दोन बालविवाह थांबताना पाहिले होते; एकटीनं थांबवलेला एकही नव्हता. कक्षाची जीप परळीला गेली होती. गावात बालविवाह रोखायचा अधिकार ग्रामसेवकाला असतो, म्हणून तिनं राधाकिशन खरातांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात टँकरच्या फेऱ्या तपासत होते. हवालदाराला घेऊन निघतो, पण वेळ लागेल, म्हणाले. तुम्ही पुढं होऊन अक्षता तेवढ्या पडू देऊ नका.

एसटी एक वाजेपर्यंत नव्हती. रस्त्यावर महिला दूध संस्थेचा टेम्पो उभा होता. दुष्काळानं दूध आटलेलं, मागचे निम्मे कॅन रिकामेच वाजत होते. ड्रायव्हर मैनुद्दीन पन्नाशीचा, त्या भागातल्या प्रत्येक गोठ्याला ओळखणारा. कुठं जायचं ते ऐकलं आणि त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. तो तिकडंच निघाला होता. जावळाच्या चहासाठी दहा लिटर दूध त्यालाच सांगितलं होतं.

"मॅडम, ही माझी रोजची माणसं हायेत. तुमाला म्या आणलं असं कळलं तर उद्या मला दारात कोण उभं करील?"

पंचशीला म्हणाली, मग मला फाट्यावर सोडा, पुढं मी चालत जाते. मैनुद्दीननं गाडी अशी काढली की मागचे कॅन एकमेकांवर आदळले. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर तो आपणहून बोलू लागला. दूध सांगितलंय ते आश्रुबानं, म्हणजे नवरी कावेरी असणार. त्याची थोरली, नववी पास झालेली. छावणीत कोणत्या जनावराला किती चारा गेला, ते सगळं तीच लिहून ठेवते, अक्षर मोत्यासारखं. फाटा आला तसा पंचशीला उतरायला सरसावली. मैनुद्दीननं गाडी थांबवलीच नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी ते छावणीत पोचले. माळरानावर हिरव्या जाळीखाली सातशे जनावरं ओळीनं बांधलेली, त्यांच्या शेजारी माणसांचे संसार. मधोमध मांडव. चुलवणावर भाताचं पातेलं, रांगेनं मांडलेल्या पत्रावळी. पंचशीलाचे पाय आपोआप भरभर पडत होते. तिनं गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि सरळ मांडवात शिरली.

बायकांनी तिला घेरलं. जावळाचा कार्यक्रम आहे, बसा, जेवून जा, म्हणू लागल्या. पंचशीला म्हणाली, जेवते की, आधी बाळाला बघू द्या. एकजण लगबगीनं पलीकडच्या पालात गेली आणि शेजारणीचं लेकरू काखेत घालून आली. लेकराचं डोकं तुळतुळीत होतं.

"याचं जावळ तर होऊन गेलेलं दिसतंय," पंचशीला म्हणाली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली, आणि हसू आवरता आवरेना. पण वराकडची माणसं हसली नाहीत. एक धिप्पाड गडी पुढं आला, बाई, तुमचं काय काम ते बोला आणि वाटंला लागा, म्हणाला. तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून कावेरी बाहेर आली. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा, पायात चप्पल नव्हती. तापलेल्या मातीवरून ती चालत आली आणि पंचशीलाच्या शेजारी उभी राहिली.

"फोन मी केलता," ती बापाकडं बघून म्हणाली. "मला दहावी करायचीय."

तिनं मान खाली घातली नाही. आश्रुबा मटकन खाली बसला. धिप्पाड गडी मुलीकडं सरकला, तसा मैनुद्दीननं दुधाचा कॅन उचलून बरोबर दोघांच्या मधे आणून ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

पंचशीलानं कायद्याचं भाषण तयार ठेवलं होतं. अठराच्या आत लग्न, शिक्षा, दंड, सगळं. ती बोलायला लागली आणि कावेरीची आई सिंधुबाई मधेच तिच्यापुढं येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"मला कायदा ठावा हाय, मॅडम. तुमी इथं एक रात काढा. ना भिंत, ना कवाड. सांच्याला मोटारसायकलीवर पोरं येतेत, पालावर बॅटऱ्या मारतेत. दोन महिने झालं, म्या डोळ्याला डोळा लावला न्हाई. वयात आलेली लेक कुठं ठिवू, ते सांगा."

पंचशीलाचं भाषण तिथंच संपलं. तिला वाटलं, आता आपण हरलो. मग तिनं मनात आलं तेच विचारलं: आणखी कुणाच्या मुलींना असा त्रास होतो का? आधी एक हात वर झाला. मग तीन. मग बायकांनी हात वर करायचं सोडून बोलायलाच सुरुवात केली.

छावणी दूध संस्थाच चालवत होती. संस्थेच्या अध्यक्षा केशरबाई यजमानीण म्हणून मांडवातच बसल्या होत्या, लग्न आहे हे ठाऊक असून. त्या उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"माझ्या छावणीत म्हशींच्या कानात बिल्ले हायेत," त्या म्हणाल्या. "पोरी किती, हे म्या कधी मोजलं न्हाई." मग त्यांनी कमरेची किल्ली काढून सिंधुबाईच्या हातात दिली. पेंडीचं गोदाम पक्क्या भिंतीचं होतं, लोखंडी दाराचं. पेंड आजच उघड्यावर ताडपत्रीखाली जाईल. आजपासून पोरी आत झोपतील, दारात मी खाट टाकते.

सिंधुबाईनं किल्ली मुठीत धरली आणि मगच तिला रडू आलं.

राधाकिशन खरात हवालदाराला घेऊन पोचले तेव्हा साडेबारा टळून गेले होते. वराकडच्यांनी बरीच आदळआपट केली, पण हवालदार जबाब लिहायला बसला तशी त्यांची एकेक जीप माघारी वळली. बावीस वर्षांचा नवरदेव जाता जाता कावेरीकडं न बघता पंचशीलाला म्हणाला, मला तिचं वय अठरा सांगितलतं. भात शिजलेला होता. दुष्काळात अन्न टाकायचं नाही, असं केशरबाईंनी बजावलं आणि सगळी छावणी पंगतीला बसली. मैनुद्दीननं पंचशीलाला चहा आणून दिला. उद्या दारात उभं करतील का, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, आत्ताच दोघींनी जास्तीचं दूध सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी कावेरीला आईबापासह बीडला बालकल्याण समितीपुढं नेलं. अठरा वर्षं पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही, असं आश्रुबानं लिहून दिलं. मांडवाच्या त्या रात्रीपासूनच गोदामात अकरा मुली झोपू लागल्या होत्या. मोटारसायकलींचे नंबर कावेरीनंच टिपून दिले. चार पोरं निघाली, सोळा-सतरा वर्षांची, शाळा सुटलेली. पंचशीलानं त्यांना आईबापांसमोर बसवलं, आणि पुढचे कित्येक आठवडे ती त्यांच्याही घरी जात राहिली. दोघं पुन्हा शाळेत बसली, एकजण गॅरेजात लागला. चौथ्यानं मात्र तिला कधीच दाद दिली नाही.

छावणी उठली, माणसं गावी गेली. पुढच्या मार्चमध्ये कोरोनाची साथ आली आणि सगळं बंद झालं. त्या दिवसांत एका सकाळी पंचशीलाला अनोळखी नंबरावरून फोन आला. सिंधुबाई होती. खूप घाईत विचारत होती, "मॅडम, कावेरीचा दहावीचा भूगोलाचा पेपर सरकारनं घेतलाच न्हाई. तरी तिला पास धरतेत का? पोरगी सकाळपासून नकाशे घेऊन बसलीय, उठंना."