पाठीवरची सतरा नंबरची पट्टी

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारा मी एक जुना रहिवासी परवाना आहे. परक्या देशात राहणाऱ्या माणसाच्या खिशात फोटो असलेला एक प्लास्टिकचा तुकडा असतो, तोच मी. माझ्या एका कोपऱ्याला आता गोल भोक पाडलेलं आहे, म्हणजे सरकारच्या लेखी मी मेलो आहे. माझा राग मात्र मेलेला नाही. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका सरकारी कार्यालयात, चार नंबरच्या खिडकीमागच्या यंत्रात झाला. बाहेर पडलो तेव्हा माझं अंग गरम होतं. माझ्यावर ज्याचा फोटो होता तो माणूस कपड्यांना इस्त्री करण्याच्या कामासाठी त्या देशात आला होता. फोटो काढताना हसायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. तरी डाव्या गालावर थोडं हसू राहिलंच, कारण त्याच सकाळी त्याची मुलगी फोनवर पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणाली होती. घरी तिला सगळे चिमणी म्हणत.

ते पहिले दोन महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. माझा माणूस मला सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा, बटण लावायचा आणि रस्त्याने जाताना दहा वेळा खिसा चाचपायचा. बँकेत, दवाखान्यात, फोनच्या दुकानात मला पुढे केलं की समोरच्याचा आवाज बदलायचा. मघाशी ‘काय पाहिजे?’ म्हणणारा ‘या, बसा’ म्हणायचा. मी खिशातल्या खिशात फुगायचो.

मग माझ्या माणसाची बदली शहराबाहेरच्या मोठ्या धुलाई कारखान्यात झाली. तिथे इस्पितळांच्या चादरी यायच्या. गरम रुळांमधून चादर सरळ घालायची, दुसऱ्या बाजूने कडक झालेली ओढून घ्यायची, असं दिवसभर. कामगार कारखान्याच्या मागच्या लांब खोलीत राहायचे. तिथला सुपरवायझर कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून फिरायचा, म्हणून त्याच्या मागे सगळे त्याला कुलूपसाहेब म्हणत. तोही आमच्यासारखाच बाहेरून आलेला, त्याच्याही खिशात परवाना होता. पण चार पायऱ्या वर चढल्यावर त्याला ते आठवेनासं झालं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने हात पुढे केला. “कार्ड दे. माझ्याकडे सुरक्षित राहील. बाहेर फिरायला झेरॉक्स पुरते.”

माझ्या माणसाने मला देऊन टाकलं. कुलूपसाहेबाला माणसांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. तो कामगारांना त्यांच्या पलंगाच्या नंबराने हाक मारायचा. त्याने एक पांढरी चिकटपट्टी कापली, तिच्यावर निळ्या शाईने स्वतःच्या अक्षरात ‘१७’ लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि ती माझ्या पाठीवर दाबून बसवली. दुसरं कुणी आमच्यात हात घालू नये, म्हणून ती सही. तो प्रत्येक परवान्याला अशीच पट्टी लावायचा. मग आम्हा सगळ्यांना रबरबँड घालून त्याने लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात कोंबलं.

मित्रांनो, अंधार मी सहन केला. पण पुढे जे झालं ते मी विसरणार नाही.

माझ्या माणसाने बायको आणि चिमणीला आपल्याकडे आणण्यासाठी अर्ज केला होता. सात महिन्यांनी बोलावणं आलं. बुधवारी सकाळी अकरा वाजता अस्सल परवान्यासह हजर राहा. त्याने चिमणीला प्रवासात घालायला लाल बूट घेतले आणि घरी जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर पाठवूनही दिले. मंगळवारी तो कपाटासमोर येऊन उभा राहिला. मी आतून त्याचा आवाज ओळखला.

“साहेब, उद्या अर्धा दिवस कार्ड पाहिजे. बायको-मुलीच्या कामासाठी.”

“झेरॉक्स आहे ना? मग झालं तर.”

“अस्सल मागतात साहेब. दुपारपर्यंत परत आणून देतो. शपथ.”

“एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. जा, कामाला लाग.”

मी त्याच्यापासून एका पत्र्याच्या अंतरावर होतो. मला हात असते तर मी तो पत्रा फाडला असता.

बुधवारी तो झेरॉक्स घेऊनच निघाला. निदान गयावया तरी करू, असं त्याने ठरवलं होतं. बसथांब्यावर पोलीस परवाने तपासत होते. त्याने तो घडी पडून विरलेला कागद पुढे केला आणि पोलिसांनी त्याला गाडीत बसवलं. अकरा वाजले तेव्हा तो ठाण्यातल्या बाकावर बसला होता. त्याचा अर्ज बंद झाला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पोलिसांनी कारखान्यात फोन केला. कुलूपसाहेबाने सरळ कानावर हात ठेवले. “आम्ही कुणाची कार्डं ठेवत नाही. हरवलं असेल त्याने. हा माणूस आहेच निष्काळजी.” पोलिसांनी मागितलं, तसं त्याने हेच लिहूनही दिलं. दोन दिवसांनी माझा माणूस सुटून आला, तेव्हा त्यालाही ‘कार्ड मीच हरवलं’ असं लिहून द्यायला लावलं. नाही तर नोकरी गेली असती. त्याने मान खाली घालून सही केली. मग त्याने घरी फोन लावला, तर बायको म्हणाली, “अहो, तिचे बूट तोवर लहान होतील. एक नंबर मोठे घेऊन ठेवू का?”

त्याच संध्याकाळी कुलूपसाहेब कात्री घेऊन आला. आता मी सापडणं त्याला परवडणारं नव्हतं. पण आमचा रबरबँड आदल्याच आठवड्यात तुटला होता आणि खण धाडकन लावताना मी मागच्या फटीत पडलो होतो. त्याने सगळे परवाने उलथेपालथे केले. सतरा नंबर नाही! मी फटीतून त्याच्या धापा ऐकत होतो आणि, खरं सांगतो, इतकी मजा मला खिडकी नंबर चारनंतर कधी आली नव्हती. त्याला वाटलं, आपणच कधी तरी फेकला असेल. तो हात झटकून निघून गेला.

मला पाहिलं ते मावशीने. मावशी चादरींच्या घड्या घालायची आणि दर शनिवारी कार्यालय झाडायची. तिचाही परवाना त्याच खणात होता. फडकं अडकलं म्हणून तिने वाकून पाहिलं आणि तिला माझा कोपरा दिसला. तिने माझ्या माणसाला बाजूला घेतलं.

“तुझं कार्ड आहे रे आत. खणाच्या मागे.”

“काढून द्या ना मावशी.”

“आत्ता काढलं तर तो म्हणेल, यानेच लपवलं होतं. त्याच्या कपाटातच सापडू दे. त्याच्या किल्लीने उघडलेल्या कपाटात.”

“जाऊ द्या मावशी. मला नको भांडण.”

“तू गप्प बस,” मावशी म्हणाली. “लेकीचे बूट लहान झाले तुझ्या, आणि म्हणे जाऊ द्या.”

माझा माणूस भला आहे. मला त्याचा तेवढा एक गुण आवडत नाही.

मावशीने कामगार खात्याला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. तीन महिने मी त्या फटीत उभा होतो. प्रत्येक पत्राच्या शेवटी तिने एकच ओळ लिहिली होती, खालचा खण पूर्ण बाहेर काढून पाहावा.

एका सोमवारी तपासणी अधिकारी बाई आल्या. त्यांची गाडी फाटकात दिसताच कुलूपसाहेबाने धावपळ करून सगळ्यांचे परवाने वाटून टाकले आणि पट्ट्या खरवडून काढायला सांगितल्या. बाईंनी कामगारांचे खिसे पाहिले. माझा माणूस सोडून प्रत्येकाजवळ परवाना, आणि त्याने तर हरवल्याचं लिहूनच दिलेलं! कुलूपसाहेब चहा मागवायला निघाला.

“कपाट उघडा,” बाई म्हणाल्या. “खालचा खण. पूर्ण बाहेर काढा.”

खण बाहेर आला. बाईंनी आत हात घातला आणि मला उजेडात धरलं. एका बाजूला कार्ड ‘हरवलेल्या’ माझ्या माणसाचं हसू, दुसऱ्या बाजूला कुलूपसाहेबाचं अक्षर आणि त्याची झोकदार सही. त्याने पोलिसांना दिलेलं पत्र बाईंनी मागवून घेतलं होतं, ते त्यांनी पिशवीतून काढलं आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही हुबेहूब सारख्या. चौकशी संपेपर्यंत त्याचा स्वतःचा परवाना जप्त झाला.

“बाई, कार्डाशिवाय मी रस्त्यावर कसा फिरू? पोलीस पकडतील मला.”

“झेरॉक्स काढून देते,” बाई म्हणाल्या. “कार्ड आमच्याकडे सुरक्षित राहील.”

मावशी मोठ्याने हसली. माझा माणूस हसला नाही. त्याची उणीव मी भरून काढली.

पुरावा म्हणून मला आणि कुलूपसाहेबाच्या परवान्याला एकाच पाकिटात ठेवलं. आठ महिने आम्ही शेजारी होतो. तो बिचारा नवा कोरा, त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं? हे मला कळत होतं. तरी मी त्याच्याकडे पाठ करून पडून राहिलो, म्हणजे त्याला रोज पट्टी वाचता यावी. अखेर कुलूपसाहेबाची नोकरी गेली आणि त्याला देशाबाहेर काढलं. माझ्या माणसाला नवा परवाना मिळाला, आणि मला भोक पाडून त्याच्या हवाली केलं.

दीड वर्ष उशिराने चिमणी आली. तिच्या पायांत निळे बूट होते, दोन नंबर मोठे घेतलेले. लाल बूट तिच्या आईने डब्यात घालून सोबत आणले. टाकवेना, म्हणाली. त्याच डब्यात आता मी राहतो. मध्यंतरी माझा माणूस माझी पट्टी नखाने काढायला बसला होता. तिच्या आईने त्याच्या हातातून मला काढून घेतलं आणि पट्टीसकट परत डब्यात ठेवलं. या घरात माझं मन जाणणारी ती एकटीच.

मित्रांनो, परदेशी जाल तेव्हा तुमचा परवाना तुमच्याच खिशात ठेवा. ‘माझ्याकडे सुरक्षित राहील’ असं कुणी म्हणालं, तर बटण आणखी घट्ट लावा. झाल्या गोष्टी विसराव्यात असं मला पुष्कळदा सांगितलं जातं. मी प्रयत्नही करतो. पण डबा उघडला की थोडा उजेड आत येतो आणि माझ्या शेजारच्या लाल बुटांचे तळवे दिसतात. त्यांना अजून धूळ लागलेली नाही.